मंडूकसूक्तातील बेडूक : वर्णनापासून नावापर्यंत

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त 'मंडूकसूक्त' म्हणून प्रसिद्ध आहे. दहा ऋचांच्या या लहानशा सूक्ताचे कर्तृत्व परंपरेने वसिष्ठाकडे दिलेले आहे. आधुनिक काळात त्याच्याविषयी जी चर्चा झाली, ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : हे बेडकांचे स्तवन आहे, की यज्ञकर्त्या ब्राह्मणांचा उपहास? या वादात दुसरा एक प्रश्न मागे पडला. तळ्याकाठच्या बेडकांना सूक्तकार कितपत ओळखत होता, आणि त्या ओळखीला भाषेत कोणते रूप मिळाले, हा तो प्रश्न होय.

सूक्तातील प्रसंग पहिल्या पावसाचा आहे. वर्षभर निपचित पडून राहिलेले बेडूक पर्जन्याच्या आगमनाने बोलू लागतात. व्रतस्थ ब्राह्मणांशी त्यांची तुलना पहिल्याच ऋचेत येते. वाळलेल्या चामड्याच्या पखालीसारखा तळ्यात पडलेला बेडूक, त्याच्यावर कोसळणारे पाणी आणि वासरे असलेल्या गाईंच्या हंबरण्यासारखा उठणारा एकत्र आवाज, असे चित्र दुसऱ्या ऋचेत आहे. येथपर्यंत ऐकू येतो तो समूहाचा कोलाहल. तिसऱ्या ऋचेपासून मात्र या कोलाहलातून एकेक बेडूक वेगळा होऊ लागतो. एक दुसऱ्याकडे बोलत जातो. एक दुसऱ्याला धरतो. शिष्याने गुरूचे बोल उच्चारावेत तसे एक दुसऱ्याचे बोल पुन्हा म्हणतो.

ओळखीची ही प्रक्रिया सहाव्या ऋचेत पूर्ण होते. तेथे सूक्तकार चार बेडूक निराळे सांगतो : एक गाईसारखा ओरडणारा (गोमायु), एक बोकडासारखा ओरडणारा (अजमायु), एक ठिपकेदार (पृश्नि) आणि एक हरित. लागलीच तो असेही म्हणतो की, या सर्वांचे नाव एकच असले तरी त्यांची रूपे भिन्न आहेत आणि बोलताना ते आपली वाणी नाना प्रकारे घडवितात. ओळखीच्या दोन खुणा येथे स्पष्ट आहेत, आवाज आणि रंग. आणि आवाजाचा उल्लेख आधी आहे. पावसाळी रात्री बेडूक दिसण्यापूर्वी ऐकू येतो, हा अनुभव लक्षात घेतला म्हणजे या क्रमाचे नवल वाटत नाही.

या चार शब्दांवरून आजच्या जाती निश्चित करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. 'हरित' या वैदिक शब्दात पिवळी व हिरवी अशा दोन्ही छटा सामावतात. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या मोठ्या बेडकाचा नर विणीच्या काळात पिवळाधमक होतो, हे खरे. पण तेवढ्यावरून 'हरित' म्हणजे तोच, असे म्हणता येणार नाही. सूक्तकाराला जाती सांगावयाच्या होत्या की समोरचे चार बेडूक, हेही शब्दांवरून ठरत नाही. भेद त्याच्या ध्यानात आला होता, एवढे मात्र निःसंशय.

आता वादाकडे वळू. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात मॅक्स म्यूलर यांनी हे सूक्त म्हणजे पुरोहितांचा उपहास होय, असे मत मांडले. पुढे मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १८९६ च्या सुमारास ते पर्जन्यासाठी योजिलेले अभिचारात्मक सूक्त ठरविले. या मताला निरुक्ताचा आधार आहे. पावसाची इच्छा करणाऱ्या वसिष्ठाने पर्जन्याची स्तुती केली, मंडूकांनी तिला अनुमोदन दिले आणि ते पाहून त्याने मंडूकांची स्तुती केली, असे यास्काचार्य सांगतात. 'मंडूक' शब्दाच्या त्यांनी दिलेल्या व्युत्पत्तींत बुडणे, आनंदणे, तृप्त होणे, भूषविणे अशा अर्थांचे धातू येतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्या टिकणार नाहीत. परंतु त्यांत उपहासाचा मागमूस नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

सूक्तकाराचे कान किती तीक्ष्ण होते याची साक्ष तिसऱ्या ऋचेतील 'अख्खलीकृत्या' हा शब्द देतो. सायणाचार्यांनी 'अख्खल' हे ध्वन्यनुकरण मानले. मराठीत 'डरांव' आहे त्याच जातीचे. पाउल टीमे यांनी १९५४ साली निराळा उलगडा केला. त्यांच्या मते हा 'अक्षर' शब्दाचाच प्राकृत वळणाचा उच्चार असून, मूल वडिलांपाशी अक्षरे घोकते तसे बेडूक बोलतात, असा त्याचा अर्थ. पाचव्या ऋचेतील गुरुशिष्यांच्या उपमेशी हा अर्थ चांगला जुळतो. ध्वन्यनुकरणाची बाजूही त्यामुळे सर्वस्वी खोटी ठरत नाही. शब्द निवडताना सूक्तकाराला दोन्ही ऐकू आले असणे शक्य आहे.

निरीक्षणाचा दुसरा पुरावा स्टेफनी जेमिसन यांनी पुढे आणला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वार्षिकाच्या १९९१-९२ च्या खंडातील लेखात त्यांनी दाखविले की, चौथ्या ऋचेत एक बेडूक दुसऱ्याला धरतो असे जे म्हटले आहे, ते बेडकांच्या मीलनाचे यथातथ्य वर्णन आहे. नर मादीला पाठीमागून घट्ट धरून ठेवतो, ही गोष्ट पाण्याजवळ बसून पाहिल्याखेरीज कळत नाही.

पुढील काळातील शास्त्रीय वर्गीकरणाने या दोन खुणांपैकी एक दीर्घकाळ बाजूस ठेवली. बूलेंजर यांचा भारतातील सरपटणाऱ्या प्राण्यांवरील व उभयचरांवरील ग्रंथ १८९० साली निघाला. त्या काळचे असे वर्गीकरण मुख्यत्वे मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांवर आधारलेले असे. मद्यार्कात रंग फिका पडतो आणि आवाज तर उरतच नाही. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण सुलभ झाल्यावर आवाज पुन्हा प्रमाण ठरला आणि दिसण्यात सारख्या वाटणाऱ्या जाती आवाजावरून वेगळ्या करता येऊ लागल्या. उत्तर अमेरिकेतील मोठ्या बेडकाचा नर शेजारच्या नराचा आवाज परक्याच्या आवाजापासून वेगळा ओळखतो, हेही १९८७ साली प्रयोगाने दिसून आले. समान नाव व भिन्न वाणी हा सूक्तकाराने नोंदविलेला भेद बेडकांच्या आपसातील व्यवहारातही अर्थपूर्ण आहे, असा याचा अर्थ होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ऋचेत आहे. सहाव्या ऋचेत आलेले तेच चार शब्द येथे पुन्हा येतात. पण त्यांचे कार्य बदललेले आहे. तेथे ती विधेये होती : एक बेडूक असा आहे, दुसरा तसा आहे. येथे ते चारही शब्द 'देणे' या क्रियेचे कर्ते झाले आहेत. गोमायूने दिले, अजमायूने दिले, पृश्नीने दिले, हरिताने दिले, आणि शेकडो गाई देणाऱ्या मंडूकांनी आयुष्य वाढविले, अशी ही रचना आहे. ऋग्वेदात दानस्तुतीचा एक रूढ प्रकार आहे. त्यात गाई देणाऱ्या राजाचे नाव घेऊन त्याचे गुण गाइले जातात. येथे राजाच्या जागी बेडूक आला आणि त्याचे विशेषण त्याचे नाव बनले.

उपहासाच्या मताला या रचनेत उत्तर मिळते. ज्याला हसावयाचे त्याला समूहातच ठेवणे पुरेसे असते. त्याचा आवाज निराळा ऐकण्याची, रंग पाहण्याची आणि अखेरीस एकेकाचे नाव घेऊन त्याचे देणे मान्य करण्याची गरज नसते. समूहाचा आवाज, त्यातून वेगळी झालेली व्यक्ती, तिची खूण आणि त्या खुणेचे नाव, या चार पायऱ्यांनी सूक्तकार बेडकांजवळ गेला आहे. परिचयाची वाट माणसामाणसांतही याहून निराळी नसते.