आंब्यावरचं बांडगूळ

परवा सकाळी काकूचा फोन आला. प्रकृती, पाऊस, कोणाचं लग्न वगैरे झाल्यावर तिने हळूच विचारलं, "आंब्यावरचं ते बांडगूळ आहे का रे अजून?"

आहे. पण ते कसं राहिलं, त्याची गोष्ट जरा लांबची आहे.

सिरोंच्याच्या आमच्या जुन्या घरामागे आजोबांनी लावलेला आंबा होता. एका वादळात तो मुळासकट पडला. फांद्या तोडताना बाबांनी खोडाला चिकटलेली तीन रोपं अलगद सोडवून घेतली आणि चंद्रपूरला आणून माझ्या हातात दिली. "एवढं जगव," इतकंच म्हणाले. नंतर वर्षभरात बाबा गेले. त्यामुळे त्या तीन रोपांचं वजन एकदम वाढलं.

घरात सगळे त्याला बांडगूळ म्हणत, पण ते बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं फांदीवर बसतं, हवेतलं आणि पावसाचं पाणी घेतं. ही आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटी आणि मधली पाकळी जांभळट.

मी काय केलं? कुंडीत छान काळी माती भरली, रोपं लावली आणि रोज दोन वेळा पाणी घातलं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४६-४७ ला जातो, म्हणून अजून जास्त. वर कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी, वाया कशाला घालवायचं! पावसाळ्याच्या आत दोन रोपांची मुळं काळी पडून कुजली. बाबांना काय सांगणार होतो?

त्या अपराधीपणातून वाचायला बसलो. तेव्हा कळलं की या चुकीला दोनशे वर्षांची परंपरा आहे!

विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर १७८१ पासून बारा वर्षं सामलकोटला होता. सामलकोट काकीनाड्याजवळ, गोदावरीच्या मुखाच्या बाजूला. सिरोंच्याला प्राणहिता जिला मिळते तीच ही गोदावरी. त्याने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, त्याच्या १७९५ च्या पहिल्या खंडात आपल्या या आमरीचं चित्र आहे. त्याच वर्षी सर विल्यम जोन्स यांचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर छापून आला. त्यात तिचं नाव आहे 'वन्दा'. झाडावर वाढणाऱ्या झाडाला संस्कृतात वन्दा म्हणतात. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊनने तेच नाव शास्त्रात पक्कं केलं. म्हणजे जगभरच्या नर्सऱ्यांत 'व्हँडा' म्हणतात तो शब्द आपल्याकडचा.

पुढे इंग्लंडात आमरींचं वेड पसरलं. जहाजं भरभरून रोपं गेली आणि हजारोंनी मेली. उष्ण प्रदेशातलं झाड, म्हणजे त्याला भट्टीसारखी ऊब, दाट सावली आणि सतत ओल हवी, अशी समजूत. जॉन लिंडली यांच्यासारख्या मोठ्या जाणकाराने १८३० मध्ये हाच सल्ला दिला. काचघरं बंद, शेगड्या पेटत्या, हवा कोंडलेली. त्याआधी जोसेफ बँक्स यांनी टोपलीत शेवाळ घालून रोपं वाढवून दाखवली होती, पण फार कोणी लक्ष दिलं नाही.

१८३५ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठवलं. खासी टेकड्यांत त्याने आमरी प्रत्यक्ष झाडांवर बघितल्या. तिकडे ड्यूकच्या बागेत जोसेफ पॅक्सटनने काचघराच्या खिडक्या उघडल्या, उष्णता कमी केली, वारा खेळवला. रोपं जगू लागली.

गंमत बघा, इंग्रजांना आपलं हवामान माहीत नव्हतं म्हणून त्यांची रोपं मेली. मी तर इथलाच! लहानपणी तो आंबा रोज बघितलेला. पाऊस पडायचा, पाणी खोडावरून वाहून जायचं, तासाभरात सगळं कोरडं. तिथे माती कुठे होती?

या मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी पटकन शोषतं, मग त्याला वारा लागतो. सतत ओलं राहिलं की मूळ गुदमरतं. कूलरच्या टाकीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. तेच मी मुळांवर ओतत होतो.

तिसरं रोप सागाच्या फळीवर काथ्याने बांधलं आणि कडुनिंबाच्या विरळ सावलीत टांगलं. आता नियम एकच, मुळांकडे बघायचं. पांढुरकी दिसली तर पाणी, हिरवी असतील तर हात आवरायचा. मे महिन्यात पहाटे आणि उन्हं कलताना, पण अंधाराआधी सुकेल इतपतच. पावसाळ्यात उघडीप लांबली तरच. थंडीत तीन-चार दिवसांनी, ऊन वर आल्यावर. पाणी साठवलेलं पावसाचं. पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापडाने टिपून घ्यायचा.

दोन वर्षं काहीच झालं नाही. या जूनच्या सुरुवातीला मात्र पानांच्या बगलेतून दांडा आला. सहा फुलं. मंद वास आहे, सकाळी जवळ गेलं की कळतो.

काकूला तेच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बुंध्याशी दुसरा कोंब आला की मला दे. पाणी कमी घालीन."

देईन.