मतपेटी आणि कुंचला

थोरांच्या तसबिरी सभागृहांत आणि चौकांत लावण्याची चाल आपल्याकडे इंग्रजी अमलात रुळली, आणि जबलपुरास तिचे एक देखणे उदाहरण लाभले. गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर नंदलाल बोस यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी स्वातंत्र्यलढ्याचे प्रसंग रंगविले. राज्यघटनेच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पृष्ठ सजविणारा हातही त्यांचाच. वेलबुट्टीच्या त्या चौकटीत खाली उजव्या कोपऱ्यात नागरी लिपीत 'राम' एवढीच सही आहे. शोधल्याखेरीज ती सापडत नाही.

जबलपूर प्रांतातील तृतीयपंथी समाजास मात्र कुंचल्याचा हा मान फार दूर होता. 1817 च्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथून उठला. मराठी राज्यांत या समाजाच्या भिक्षेच्या हक्कांस व इनामांस सनदांचा आधार असे. कंपनी सरकारच्या महसुली अंमलदारांना मात्र असला हक्क सरकारदफ्तरी चालवणे शिष्टाचारास सोडून आहे असे वाटू लागले, आणि मुंबई इलाख्यात त्यांनी तो हळूहळू खालसा केला. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक संपूर्ण भाग याच समाजासाठी रचला गेला. वायव्य प्रांत, अवध व पंजाबात संशयितांची नावे, राहण्याची ठिकाणे आणि मालमत्ता यांची रजिस्टरे तयार होऊ लागली. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसू नये, दत्तक घेऊ नये, मृत्युपत्रही करू नये, असा हुकूम झाला. शरीर, वेष आणि मिळकत यांची एवढी बारीक टिपणी जिथे झाली, तिथे माणसाचा चेहरा मात्र कोणी पाहिला नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील 1916 च्या चार खंडी ग्रंथातही या समाजाची नोंद आहे. ती अभ्यासकाची असली तरी तिचा नायक व्यक्ती नव्हे, वर्ग आहे.

हिरालाल हे कटनी-मुरवाऱ्याचे. 1998 पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच मोडणाऱ्या त्या कटनीने शतकाच्या वळणावर याच तृतीयपंथी समाजातील कमला जान यांस महापौर निवडले, हा इतिहासाचा खोडकरपणा म्हणावा लागेल! त्याच सुमारास जबलपूर महापालिकेत त्याच समाजातील हीराबाई नगरसेविका झाल्या, आणि शहडोल जिल्ह्यातील सोहागपूरने याच समाजातील शबनम मौसी यांना 2003 पर्यंत चाललेल्या विधानसभेत पाठविले. त्यांच्या आयुष्यावर 2005 साली आशुतोष राणा यांना घेऊन चित्रपटही निघाला. पक्षांना विटलेल्या मतदारांनी गमतीने मते टाकली, असे त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. मला ते पटत नाही. गंमत एका वॉर्डात होते, तीन ठिकाणी होत नाही.

कमला जान यांचे पद मात्र स्त्रियांसाठी राखीव होते, आणि त्या पुरुष ठरतात या कारणास्तव 2002 साली निवड रद्द झाली. 2003 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगास मान्यता दिली ती 15 एप्रिल 2014 रोजी, आणि आधार घेतला तो सिन्हांनी सजविलेल्या उद्देशिकेच्या त्याच राज्यघटनेचा.

कुंचला एव्हाना जागा झाला होता. मुंबईत जन्मलेले भूपेन खख्खर 1980 च्या दशकात पुरुषांचे परस्परप्रेम उघडपणे रंगवीत होते. 2016 साली बंगळुरात पूर्णिमा सुकुमार यांनी आरवणी आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. त्यात तृतीयपंथी स्त्रिया स्वतःच परांचीवर चढून शहरांच्या भिंतींवर आपल्याच समाजाचे चेहरे भल्या मोठ्या आकारात रेखाटतात. दुसऱ्याच्या रजिस्टरात उतरण्याहून हे सर्वस्वी निराळे होय, कारण येथे पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच.

कटनीच्या नगरसभागृहात कमला जान यांची तसबीर लावावयाची झाल्यास, तिच्याखाली न्यायालयीन निकालाचा उल्लेख असू नये असे नाही. मात्र तो दुसऱ्या ओळीत यावा, पहिल्या ओळीत शहराने त्यांना निवडून दिल्याचा.