बाप्तिस्मा आणि जातीचा दाखला

1843 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एका ब्राह्मण मुलाच्या ताब्याचा खटला उभा राहिला. मुलगा श्रीपत शेषाद्री, वय जेमतेम बारा. थोरला भाऊ नारायण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकून त्याच वर्षी ख्रिस्ती झाला होता आणि धाकटाही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. बापाने अर्ज केला, न्यायमूर्ती अर्स्किन पेरींनी मुलगा बापाच्या हवाली केला. खरे भांडण पेटले ते त्यानंतर. मिशनरी घरात जेवलेला पोरगा जातीत परत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी मंडळी उलट जांभेकरांवरच तुटून पडली. श्रीपतचा बाप्तिस्मा तर झालाही नव्हता. नुसत्या शिवाशिवीचा हा दंड.

नारायण शेषाद्री परत फिरले नाहीत. 1860च्या दशकात ते निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. पंतप्रधान सालारजंगांच्या राजवटीत त्यांना जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल हे ख्रिस्ती गाव उभे राहिले. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती परिषदेत डोक्यावर पागोटे घालून भाषण करणारे नारायणराव अमेरिकनांच्या कौतुकाचा विषय झाले. पण जालन्यात त्यांच्या मागे आले ते ब्राह्मण नव्हेत. आले ते मुख्यतः मांग.

इथून हिशेब बदलतो. नारायणरावांसारख्यांनी गमावले ते घर, पंगत, आप्त. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895चा. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली, आणि तो काळ लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवला म्हणून तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. मांगवाड्यातल्या बाईने काय सोसले, ते कोणी लिहिले नाही. गावदेवीपुढे हलगी वाजवायची आणि त्यावर बलुते मिळवायचे, अशी मांगाची रीत. नव्या धर्मात देवीपुढची हलगी बसेना. ती खाली ठेवली की खळ्यावरचे धान्यही आटणार. गावाशी बांधलेल्या माणसाला ही किंमत फार जड होती.

सुशिक्षित धर्मांतरितांच्या मदतीला इंग्रजांचा कायदा मात्र लवकर धावला. 1850च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. 1866च्या कायद्याने, जोडीदाराने धर्मांतरामुळे सोडून दिल्यास, विवाहविच्छेदाची वाट दिली. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला वारसाहक्काचा काय उपयोग? शिवाय जालन्यासारखेच नांदेड काय, लातूर काय, तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजी कायद्याची हद्द त्याच्या अलीकडेच संपत होती.

मग 1950 उजाडले, आणि स्वतंत्र देशाच्या कायद्याने उलटीच गोष्ट केली. 10 ऑगस्टच्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना तो मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नांदेड हे सचखंड हुजूर साहिबचे शहर. इथे अनुसूचित जातीतला शीख दाखला काढू शकतो, बौद्ध काढू शकतो. मांगाच्याच कुळातला ख्रिस्ती काढू शकत नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात जागा आहे, पण राखीव मतदारसंघ आणि अनुसूचित जातींच्या सवलती त्याच्या नाहीत. ख्रिस्ती झाल्याने जात सुटते, हे गृहीतक कागदावर ठीक. मराठवाड्यातल्या गावात वस्तीची जागा आणि सोयरिकीचा हिशेब धर्म विचारून बदलत नाही.

म्हणून अनेक जण कागदावर हिंदू राहतात आणि रविवारी प्रार्थनेला जातात. 2011च्या जनगणनेत नांदेड-लातूरमध्ये ख्रिस्ती लोक अर्धा टक्काही नाहीत. या आकड्यावर भरवसा ठेवताना एवढे ध्यानात ठेवावे. कागदावर हिंदू राहणाऱ्यांना खोटारडे म्हणणे सोपे आहे, पण मुलाच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न समोर असताना तसे म्हणणाऱ्याने आपली जागा तपासावी.

परत हिंदू व्हायचे तर काय? 2015च्या के. पी. मनू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी मागितल्या: मूळ जातीचा पुरावा, पुनर्धर्मांतराचा पुरावा आणि त्या समाजाने माणसाला स्वीकारल्याचा पुरावा. म्हणजे जात पुन्हा लाभावी यासाठी जातीचीच संमती हवी.

रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्येच अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा, अशी शिफारस केली होती. ती बासनातच राहिली. 2022 मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. शिफारस असो वा आयोग, त्यांच्या नुसत्या असण्याने आदेशातला तिसरा परिच्छेद बदलत नाही. तो बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे.