पहिल्या सत्राचा अहवाल

गावाकडच्या हायस्कुलाचं वर्ष जूनमध्ये उघडतं, असं कागदोपत्री असतं. खरं तर ते मृगाच्या पावसाबरोबर उघडतं आणि त्याचं पहिलं सत्र संपतं ते बाजरी खळ्यावर येऊन पडल्यावर. शहरातल्या पोराला पहिलं सत्र म्हणजे नवी पुस्तकं, गणपती, नवरात्र आणि शेवटी सहामाही परीक्षा. आमच्या माणदेशात याच चार-साडेचार महिन्यांत बाजरीची पेर, आषाढ-श्रावणातली भांगलण, भाद्रपद-आश्विनातली काढणी-मळणी आणि हस्ताच्या भरवशावर शाळूची पेर, एवढं सगळं उरकायचं असतं. घराला हातांची सगळ्यात जास्त गरज आणि शाळेला पोरांची सगळ्यात जास्त गरज, दोन्ही एकाच वेळी. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी आमचे हेडमास्तर या सत्राचा अहवाल वाचून दाखवायचे. त्या अहवालात काय असायचं आणि काय नसायचं, ते इथं सांगतो.

हायस्कूल ही गोष्ट खेड्याला तशी नवी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली. तिच्यातला तरुण मास्तर आमच्याच मुलखातल्या धनगरांच्या वाडीवर प्राथमिक शाळा चालवायला जातो. पोरं शाळेत आणायची कशी, इथूनच त्याची सुरुवात. सातवीच्या पुढं शिकायचं तर तालुक्याला किंवा साताऱ्याला, कुणा नातेवाइकाच्या घरी नाहीतर बोर्डिंगात. ते ज्याला जमलं तो शिकला, बाकीच्यांची शाळा तिथंच संपली.

या बाबतीत आमच्या जिल्ह्याचं नशीब थोरच म्हणायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट साताऱ्याकडच्या प्रत्येक शाळेत दरवर्षी सांगितली जाते. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभं राहिलं. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले, तोवर ‘आपल्या गावातही हायस्कूल होऊ शकतं’ हा विचार खेड्याखेड्यांत रुजला होता.

आमचं हायस्कूल त्यांच्या संस्थेचं नव्हतं. गावानंच एक मंडळ करून ते काढलेलं. सुरुवातीला वर्ग देवळाच्या ओवरीत भरायचे. नंतर लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून पाच खोल्या उठल्या, वर मंगलोरी कौलं पडली. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शाळा वाढल्या, तशी पुढं शिकू म्हणणारी पोरंही वाढली. फीचा प्रश्न ई.बी.सी.नं बराचसा सोडवला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना गरीब घरच्या मुलांना फीमाफी मिळाली आणि पुढं त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १२०० रुपये झाली. तलाठ्याचा दाखला आणायचा आणि ई.बी.सी.चा फॉर्म भरायचा, हे जून-जुलैमधलं आमचं पहिलं काम. ‘ई.बी.सी.’ म्हणजे काय, हे घरात कुणाला सांगता आलं नसतं, पण तो शब्द माझ्या आजीलासुद्धा पाठ होता.

मी या शाळेत १९६९ साली पाचवीत दाखल झालो. तेव्हापासून सहा वर्षं पहिल्या सत्राचा अहवाल मांडी घालून ऐकला. त्याची घडी ठरलेली होती. आधी मार्चमधल्या एस.एस.सी.चा निकाल, मग शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाचं नाव, असलं तर. एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी, पाच सप्टेंबरला शिक्षक दिन, त्या दिवशी आठवीची पोरं पाचवीला शिकवायची आणि खऱ्या मास्तरांपेक्षा जास्त छड्या मारायची. बावीस सप्टेंबरला कर्मवीर जयंती. दोन ऑक्टोबरला पाणवठ्याची सफाई. सप्टेंबर-अखेरीला चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी तालुक्याला गेलेल्या मुलांची नावं. शेवटी खेळ.

खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो. दोन्हीला सामान लागत नाही, म्हणून आमच्याकडं तेच फोफावले. संघ तालुक्याला जायचा तो यष्टीनं, भाकरी फडक्यात बांधून. बूट कुणाच्याच पायात नसत. एका वर्षी आम्ही कबड्डीत तालुक्यात दुसरे आलो, तर वेशीपासून शाळेपर्यंत हलगी लावून गावानं पोरांना आणलं. हेडमास्तरांनी अहवालात ती बातमी वाचली तेव्हा पोरांनी एवढ्या टाळ्या पिटल्या की पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. ते वाक्य बहुधा फीच्या थकबाकीबद्दल असावं.

हे सगळं खरं होतं आणि अभिमानाचंही होतं. पण अहवाल वाचला जात असताना वर्गशिक्षकांच्या टेबलावर दुसरा एक कागद पडलेला असायचा. तो म्हणजे हजेरीचा कॅटलॉग. जूनमध्ये त्यात वरपासून खालपर्यंत ‘ह’ भरलेले असत. श्रावणात अधूनमधून ‘गै’ यायला लागे. आश्विनात काही नावांपुढं नुसती ‘गै’ची रांग. आणि नोव्हेंबरात शाळा पुन्हा उघडली की त्यातल्या काही नावांवर तांबड्या शाईची आडवी रेघ.

आमचे हेडमास्तर ही रेघ पडू नये म्हणून आश्विनात संध्याकाळी घरोघर फिरायचे. माझ्या शेजारच्या घरी ते आले तेव्हाचं बोलणं मी ओट्यावरून ऐकलं आहे.

“आबा, पोरगं हुशार आहे. सहामाहीपुरतं तरी येऊ द्या त्याला.”

“सर, पोरगं हुशार हाय हे मला बी कळतंय. पर रानात बाजरी हुबी हाय, पाखरं खात्यात. ती कुनी राखायची?”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सकाळी सातला येऊन दहाला गेला तर चालंल?” आबा हसले. पोरगं सात ते दहा येत राहिलं. पुढं ते एस.एस.सी. झालं. या सौद्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

हीच सवलत १९७२ साली अख्ख्या शाळेला द्यावी लागली. आधीची दोन वर्षंही पावसानं ओढच दिली होती. त्या वर्षी मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, आणि उत्तरा-हस्तही कोरडे गेले. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं करपलं. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. माणसं पहाटे कामावर जायची ती दिवस मावळता परतायची. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर घरं चालली. घरची सगळी कामावर, मग घरात धाकटी भावंडं कोण सांभाळणार? मोठी पोरगी. आईला ताप आला तर तिच्या जागी पाटी कोण उचलणार? तीच पोरगी. मी तेव्हा आठवीत होतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांची हजेरी शाळेच्या कॅटलॉगात ‘गै’ आणि कामावरच्या मस्टरवर, आईबापाच्या नावानं, हजर अशी होती.

हेडमास्तरांनी शाळा सकाळची केली. दहा-साडेदहाला सुटली की पोरं दप्तर घरी टाकून कामावर पळायची. दुपारचा एक वर्ग तर एका शिक्षकांनी कामाच्या ठिकाणीच, बाभळीखाली, जेवणाच्या सुट्टीत घेतला. फळा नव्हता, म्हणून ते मातीत काडीनं बीजगणित मांडायचे. हात खडीनं सोललेले, त्यामुळे कुणी वही धरत नव्हतं, सगळं तोंडीच. त्या दिवाळीला अहवाल वाचला गेला तो माझ्या आठवणीतला सगळ्यात छोटा. खेळ झाले नव्हते, सहल नव्हती, प्रदर्शन नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, “या सत्रात सांगण्यासारखं काही घडलं नाही. आपण सगळे इथं बसलो आहोत, एवढंच.” आम्हाला तेव्हा वाटलं, सर खचले आहेत. आज वाटतं, त्यांनी वाचलेल्या सगळ्या अहवालांत तेवढंच एक वाक्य पुरतं खरं होतं.

पुढच्या वर्षी पाऊस आला आणि अहवाल पुन्हा भरला. १९७३च्या कर्मवीर जयंतीला तालुक्यात वक्तृत्व स्पर्धा झाली. नववीतली, माझ्याच वर्गातली एक मुलगी लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रावर बोलली आणि पहिली आली. शाळेला कप मिळाला. मुलींपैकी कुणी तालुक्यात पहिलं येण्याची ती आमची पहिलीच वेळ. हेडमास्तरांनी तिला उभं केलं, टाळ्या झाल्या, ती मान खाली घालून बसली. तुळशीचं लग्न झालं आणि तिचं ठरलं. तेव्हा कायद्यानं मुलीचं वय पंधरा पुरलं की लग्नाला आडकाठी नव्हती. ती अट अठरावर गेली १९७८ साली. दिवाळीनंतर ती आली नाही. ज्या मुलीनं दुसऱ्यांच्या पोरांच्या शिक्षणासाठी मोडलेल्या मंगळसूत्राची गोष्ट सांगून कप जिंकला, तिच्या शाळेवर मंगळसूत्रानंच पडदा टाकला. कप शाळेच्या कपाटात आहे. त्यावर शाळेचं नाव आहे, तिचं नाही.

पोरांना नेणारी वाट वेगळी होती. आमच्या भागातले गलाई कारागीर, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पांगलेले. केरळ म्हणा, तमिळनाडू म्हणा, कलकत्ता म्हणा, प्रत्येक मोठ्या पेठेत खानापूर, आटपाडी, माण, खटावचा कुणीतरी सापडणारच. दिवाळीला ही मंडळी गावी येत. अंगात टेरीकॉटचा शर्ट, हातात घड्याळ. परत जाताना कामाला एखादा पोरगा घेऊन जात. बापाच्या हातावर थोडी उचल पडायची. धनगरांची पोरं त्याच सुमाराला मेंढरांमागं कोकणात उतरायची. अशा रीतीनं पहिलं सत्र संपायचं तेव्हा शाळा तीन बाजूंनी गळायची, लग्नानं, गलाईनं आणि मेंढरांनी.

ही गळती कमी कशी झाली, हाही इतिहासच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. गावाजवळ काम मिळायला लागलं तशी काही घरांची परगावची वाट थांबली आणि त्या घरांतली पोरं वर्गात टिकली. १९७५च्या मार्चमध्ये नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत मी होतो. अकरावीऐवजी दहावीलाच बोर्ड आलं, एक वर्ष वाचलं. गरीब घरात एका वर्षाची किंमत काय असते, ते त्या घरालाच ठाऊक.

आणि एक वर्ष असं आलं की गळती उलटी झाली. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी गिरणीत होतं. संप लांबला तशी बिऱ्हाडं गावी आली आणि जूनमध्ये हायस्कुलात लालबाग-परळच्या शाळांचे दाखले घेऊन पोरं उभी राहिली. त्या सत्रात शाळेनं खो-खोत तालुका मारला. संघातली निम्मी पोरं मुंबईची होती. गावाला विजयाचा आनंद झाला, पण त्या पोरांच्या बापांना टाळ्या वाजवताना काय वाटलं असेल, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मध्यंतरी शाळेनं स्मरणिका काढली. तीत कप, ढाली, गुणवंत आणि माजी विद्यार्थ्यांतले अधिकारी यांची यादी आहे. माझ्याकडं लेख मागितला, म्हणून मी जुने कॅटलॉग पाहायला ऑफिसात गेलो. कॅटलॉग वाळवीनं संपवले होते. जनरल रजिस्टर मात्र शिल्लक होतं, कारण ते कायम जपायचं असतं. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, एकेका मुलाला एकेक ओळ. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख आणि सगळ्यात शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’.

त्या शेवटच्या रकान्यात बाजरी नाही, दुष्काळ नाही, गलाई नाही, लग्न नाही. सोडल्याच्या तारखा मात्र बोलतात. पानामागून पान नोव्हेंबर, नोव्हेंबर, नोव्हेंबर. १९७२चं पान मी भीतभीत उघडलं. तिथं दर ओळीला नोव्हेंबर असेल, अशी माझी खात्री होती. तो होता, पण इतर वर्षांपेक्षा जास्त वेळा नव्हता. सकाळची शाळा आणि बाभळीखालचं बीजगणित त्या पानावर कुठंच लिहिलेलं नाही, तरी ते तिथं आहे.

मग मी १९७३चं पान काढलं आणि वक्तृत्वाचा कप आणणाऱ्या मुलीची ओळ शोधली. अक्षर हेडमास्तरांचंच होतं. कारणाच्या रकान्यात इतरांसारखंच लिहिलं होतं, ‘सतत गैरहजर’. फक्त तिच्या ओळीशेजारी समासात, पेन्सिलीनं, आणखी दोन शब्द होते, ‘वक्तृत्व – प्रथम’. रजिस्टरात असं काही लिहायचं नसतं. माझा लेख मी त्या दोन शब्दांवरच लिहून दिला.