पाऊस आला आणि डोंगर सुटला

बर्फ पडत असताना माणूस घाबरतो, आणि पडायचा थांबला, हवा जरा उबदार झाली की सुटकेचा श्वास घेतो. डोंगरातला खरा धोका पुष्कळदा इथूनच सुरू होतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन हे ठिकाण त्याची साक्ष देते.

कॅस्केड पर्वतरांगेतले हे छोटेसे रेल्वे स्टेशन. जवळच बोगद्याचे तोंड, वर उभा उतार, खाली टाय नदीची दरी. फेब्रुवारी १९१० च्या अखेरीस ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपाल, सिॲटलकडे निघालेल्या असताना बर्फात अडकल्या. आधी त्या बोगद्याच्या पूर्वेकडे थांबल्या होत्या. तिथल्या ज्या भोजनगृहात प्रवासी जेवले, त्यावरच गाड्या पुढे गेल्यानंतर हिमलोट कोसळला आणि दोघे दगावले. वेलिंग्टनला पोचलेल्या प्रवाशांनी ही बातमी ऐकली असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल!

पुढे रस्ता बंद, मागे रस्ता बंद. तारा तुटलेल्या. बर्फ कापणाऱ्या यंत्रांचा कोळसा संपत आलेला. फावडी मारणाऱ्या मजुरांनी मजुरी वाढवून मागितली; ती नाकारली गेली, तेव्हा त्यांतले बरेच जण काम सोडून निघून गेले. काही प्रवासीही जिवावर उदार होऊन बर्फातून पायी खाली उतरले. आणि वाचले. बाकीच्यांनी, गाडी मागे बोगद्यात नेऊन ठेवा, असा आग्रह धरला. पण आत इंजिनाचा धूर कोंडेल, या कारणाने तो मानला गेला नाही. ही भीती खोटी नव्हती, हे आपणही मान्य केले पाहिजे. उताराकडे मात्र कुणी पुरेसे पाहिले नाही. वणव्याने आणि तोडीने तिथली झाडी गेली होती. बर्फाला धरून ठेवणारे फारसे काही उरले नव्हते.

२८ फेब्रुवारीच्या रात्री हवा बदलली. हिमवृष्टीऐवजी पाऊस सुरू झाला, विजा कडाडू लागल्या. थरांवर थर साचलेल्या बर्फात पाणी मुरले, की दोन गोष्टी होतात. वरचा भार वाढतो आणि थरांना एकमेकांशी धरून ठेवणारी पकड ढिली पडते. वसंतातल्या दुपारच्या उन्हानेही हेच होते. म्हणून हिमालयातले जाणकारही असे उतार पहाटे, बर्फ घट्ट असतानाच ओलांडतात. इथे ऊन नव्हते, ते काम पावसाने केले.

१ मार्चला रात्री पावणेदोनच्या सुमारास उतारावरचा सुमारे अर्धा मैल लांबीचा बर्फाचा पट्टा सुटला आणि झोपलेल्या माणसांसह दोन्ही गाड्या दीडशे फूट खाली दरीत गेल्या. ९६ माणसे मरण पावली. २३ जणांना जिवंत बाहेर काढता आले. शेवटचा मृतदेह हाती लागायला जुलै उजाडला.

आणखी तीनच दिवसांनी, ४ मार्चला, कॅनडातल्या रॉजर्स खिंडीत रुळांवरचा बर्फ उपसणाऱ्या कामगारांवर दुसरा कडा कोसळला. त्यांत जपानहून आलेले ३२ मजूर होते.

वेलिंग्टनच्या मृतांपैकी एकाच्या वतीने कंपनीवर दावा झाला. खालच्या न्यायालयाने भरपाई दिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१४ साली तो निकाल फिरवला. कंपनीचा दोष नाही, ही दैवी आपत्ती, असे ठरले. कंपनीने मात्र रुळांवर काँक्रीटची भक्कम छपरे उभारली, स्टेशनचे नाव बदलून टाय केले, आणि १९२९ मध्ये पुष्कळ खालून साडेबारा किलोमीटरचा नवा बोगदा काढून तो मार्गच सोडून दिला. आज त्या जुन्या मार्गावर पायवाट आहे. काँक्रीटची ती छपरे मात्र अजून उभी आहेत.