कुपीत काय आहे?

२०२४ च्या दिवाळीत अमेरिकेतली पुतणी आमच्याकडे तळेगाव ढमढेरेला आली. चांगलीच बारीक झालेली! आल्या आल्या तिने फ्रिजमध्ये, ताकाच्या भांड्याशेजारी, एक छोटी कुपी ठेवली. वजन उतरवायचं सेमाग्लुटाइड. पण मूळ कंपनीचं नव्हे, तिथल्या औषधवाल्याने स्वतः तयार करून दिलेलं. तेव्हा मूळ औषधाची टंचाई होती, शिवाय हे स्वस्त.

"काका, थोडं मळमळतं, बाकी काही नाही."

मला मात्र १९८६ साल आठवलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतला, डोळ्यांतला दाब उतरवायला रुग्णांना ग्लिसरीन दिलं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ जण गेले. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारांपासून मंत्र्यांपर्यंत ठपका ठेवला. आमचे नाना ओट्यावर बसून त्या बातम्या मोठ्याने वाचायचे. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध बरोबर होतं हो, बाटलीत भलतंच होतं.

पुतणीच्या कुपीत आणखी एक धोका. डोस मिलिग्रॅममध्ये, सिरिंजवर खुणा युनिटच्या. या गोंधळात काहींनी पाच ते वीसपट औषध टोचून घेतलं आणि ओकाऱ्या होऊन दवाखाना गाठला, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच जुलैत दिला होता. अशी औषधं विक्रीपूर्वी ते तपासतही नाहीत.

"अगं, हे तपासलं कुणी?" मी विचारलं. ती कुपी हातात घेऊन लेबल वाचत बसली. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन लावला.

असो. तुमच्या घरीही एवढं विचारा.