ओल्या शिंगाचं सांबर

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी सोळावं कलम होतं. पिल्लाला मारायचं नाही, पिल्लू बरोबर असलेल्या मादीला मारायचं नाही आणि ज्या हरणाच्या शिंगांवर अजून मखमल आहे त्यालाही मारायचं नाही, असं ते सांगायचं. खास परवाना असेल तरच यातून सूट. १९९१च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेच संपवले, त्यात हे कलमही गेलं. मी वनरक्षक म्हणून लागलो तेव्हा ते पुस्तकात होतं. सुटीत सातपुड्यात धडगावच्या वरच्या अंगाला आमच्या पाड्यावर गेलो, तेव्हा आजाला ते वाचून दाखवलं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कायदा ऐकायला आवडायचा. शेवटच्या वाक्यावर त्यानं मला थांबवलं. म्हणाला, "पोरा, ओल्या शिंगाचं सांबर आमच्यात कोण मारायचं? पावसात माणूस शेतात असतो. आणि त्या दिवसांत ते सांबर दिसतं तरी कुठं?"

आजाच्या या उत्तरात पुण्य-पाप नव्हतं, दया नव्हती. होतं ते वर्षाचं गणित. पाऊस पडला की ज्वारी, बाजरी आणि मोर, भादी यांसारखी बारीक धान्यं यांच्या मागं सगळं घर लागायचं. शिकार पीक निघाल्यावर आणि पुढं शिमग्याच्या आगेमागे व्हायची, तोवर नराची शिंगं कडक झालेली असायची. सरकारनं कायद्यात लिहिलेली गोष्ट आमच्या डोंगरात शेतीच्या वेळापत्रकातच बसलेली होती. फरक एवढाच की ती पाळली म्हणून आमच्या माणसाला कुणी चांगला शिकारी म्हटलं नाही. त्याला चोर म्हटलं गेलं. सातपुड्याचा हा भाग मला लिहून ठेवायचा आहे, कारण शिंगांच्या नियमांचा इतिहास नेहमी परवान्याच्या बाजूनं सांगितला जातो.

आधी सांबराचं वर्ष सांगतो. गव्याची, चौशिंग्याची, काळविटाची शिंगं जन्मभर टिकतात. सांबर, चितळ आणि भेकर यांची तशी नाहीत, ती गळतात आणि पुन्हा येतात. मोहाची फुलं पडून संपत येतात त्या उन्हाळ्यात मोठ्या नराचं एक शिंग पडतं, दुसरं त्याच दिवशी नाहीतर पुढं काही दिवसांनी, कधी भलत्याच नाल्यात. डोक्यावर रक्ताळलेला चट्टा राहतो आणि त्यावर खपली धरते. मग पावसात नवं शिंग फुटतं. ते टोकाला गोल असतं, हाताला गरम लागतं, त्यावर केसाळ कातडं असतं आणि कातड्याखाली रक्त वाहत असतं. या दिवसांत नर दाट झाडीत एकटा राहतो, शिंगं कशाला लागू नयेत म्हणून जपून चालतो. पाऊस सरला की आतलं हाड बनतं, वरचं कातडं सुकतं आणि तो ते झाडावर घासून काढतो. छातीच्या उंचीवर सालीच्या चिंध्या झालेलं कोवळं झाड, खाली पडलेला भुसा आणि ओला डिंक दिसला की समजावं, इथं नर आहे आणि त्याची शिंगं तयार झाली आहेत. पुढं थंडीत तो माजावर येतो.

आजाला हे सगळं येत होतं, आणि त्यानं ते मला पुस्तकाशिवाय शिकवलं. पहिल्या वर्षीचं शिंग म्हणजे सरळ काटा. मग एक फाटा. मग दोन, म्हणजे एका शिंगाला तीन टोकं, आणि सांबराचा हिशेब तिथंच थांबतो. त्यापुढं वय वाढलं तरी टोकं वाढत नाहीत. वाढते ती जाडी, लांबी आणि बुडाजवळची खरबरीत कडी. म्हणून सांबराची टोकं मोजून वय ठरवायला गेलात तर चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं एकच दिसेल. कडीवर हात फिरवून मात्र आजा ओळखायचा.

पोरांचं शिकणं लहानपणीच सुरू व्हायचं. हाती आधी गलोल, मग बोथट टोकाचा तीर, लावा आणि तितर यांच्यासाठी. सशाच्या वाटेवर फासा कसा मांडायचा, वारा कुठून येतो हे राख उडवून कसं बघायचं, आणि खुराच्या ठशावर रात्रीचं दव पडलंय की ठसा दवानंतरचा आहे, हे मोठी माणसं सांगत नसत, करून दाखवत. मोठ्या हाक्यात पोरांची जागा कडेला, ओरडायला. ज्याचा तीर आधी लागला त्याला ठरलेला वाटा, बाकीच्या घरांना सारखं मांस. पोराला मिळणारा वाटा छोटा असायचा, पण त्यानं तो स्वतःच्या हातानं घरी न्यायचा.

या पोरांना शिकारीत ओढणारा पहिला सरकारी माणूस वनखात्यातला नव्हता, फौजेतला होता. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि सातपुड्यातल्या भिल्लांनी त्यांना पुढची काही वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही. १८२५ साली जेम्स आउटरम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट भिल्ल पलटण उभी करायला आला. धरणगाव हे तिचं ठाणं. आउटरमनं ओळखलं की या माणसांना कवायतीच्या हुकुमानं बोलावून चालणार नाही. तो त्यांच्या जेवणावळीत बसला, त्यांच्याबरोबर वाघामागं पायी उतरला आणि त्या ओळखीतून त्यानं माणसं भरती केली. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास वाघ लागले. तरुण भिल्लांना शिकारीची गोडी लावून सरकारच्या चाकरीत आणण्याची ही युक्ती होती, आणि ती लागू पडली. वाघाच्या मागावर पुढं चालणाऱ्या बहुतेक भिल्लांची नावं मात्र त्या आकड्यांबरोबर कुणी लिहून ठेवली नाहीत.

आजाचे वडील हाक्यात जायचे, आजाही गेला. साहेबाचा मुक्काम पडला की गावचा पाटील माणसं गोळा करायचा. माणसांची ओळ दरीच्या तळापासून डबे वाजवत वर यायची आणि साहेब खिंडीत मचाणावर बसायचा. जनावर उठलं की खिंडीतूनच निघणार, हे हाकाऱ्यांना ठाऊक, कारण जनावराची वाट दाखवणारेही तेच. मारल्यावर साहेबाला शिंगं हवी असायची. तो टेप काढून बुडापासून टोकापर्यंत बाहेरच्या वळणानं इंच मोजायचा. लंडनच्या रोलंड वॉर्डनं १८९२पासून जगभरातल्या शिंगांच्या मापांची नोंदपुस्तकं काढली, तेव्हापासून या मोजमापाला मान आला. चाळीस इंची सांबर म्हणजे भिंतीवर लावण्यासारखं. मांस हाकाऱ्यांना मिळायचं. आजा सांगायचा, साहेब लोक शिंगाकडे बघायचे आणि आम्ही सांबराकडे. माझ्या मते दोघांच्या शिकारीतला सगळा फरक या एका वाक्यात आला.

कायदा याच नजरेतून झाला. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणं, फासे लावणं, पाण्यात विष घालणं हा गुन्हा ठरवला. नियमात राहून शिकार म्हणजे परवाना काढून, बंदूक बाळगून केलेली. तीर-कामठ्याला परवाना कुठून येणार? १९१२चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा आला. त्यानं प्रांतिक सरकारला अधिकार दिला की एखाद्या जातीसाठी, किंवा नुसत्या माद्यांसाठी आणि अपुऱ्या वाढीच्या जनावरांसाठी, वर्षाचा काही काळ किंवा सबंध वर्ष शिकार बंद ठेवावी. हा नियम शहाणा होता, हे मी मनापासून मानतो. मादी आणि कोवळं जनावर वाचवल्याशिवाय कळप टिकत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की मारायला उरला तो पूर्ण वाढीचा, सर्वांत रुंद शिंगांचा नर, ज्याच्या पोटी पुढचे चांगले नर यायचे. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाच्या डोंगरावर रानमेंढ्यांचा अनेक वर्षं अभ्यास झाला आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मोठ्या शिंगांचे नर वेचून मारत गेलं तर पिढ्यांमागून पिढ्या शिंगं लहान होत जातात. आपल्याकडे तसा अभ्यास करण्याइतकी सांबरंच या डोंगरांत राहिली नाहीत.

१९५१ साली मुंबई राज्याचा स्वतःचा कायदा झाला, त्यातही परवाने होते. १९७२च्या कायद्यानं परवाने लगेच बंद केले नाहीत, तर सोळाव्यासारखी कलमं घातली. सूर्यास्तानंतर शिकार नाही, पाणवठ्यावर आणि खारमातीवर टपून बसायचं नाही, गाडीतून मारायचं नाही, जाळी आणि फासे नाहीत. यातली निम्मी बंदी गाडी आणि बॅटरी घेऊन येणाऱ्यांसाठी होती, निम्मी आमच्या पाड्यांसाठी. २००६ साली वनहक्क कायदा आला. जंगलावरचे पिढीजात हक्क त्यानं मान्य केले, पण पारंपरिक शिकारीचा, सापळे लावण्याचा आणि जनावराचा अवयव काढण्याचा हक्क त्यातून नेमका वगळला. या वगळण्याबद्दल माझी तक्रार नाही. सांबर उरलेलंच नसताना हक्क घेऊन काय करायचं? तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची.

ती सांगण्याआधी दूरचं एक उदाहरण. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यानं २००२ साली शिंगांचा नियम केला. तेव्हा बहुतेक भागात नराच्या एका शिंगाला किमान तीन टोकं हवी होती, पश्चिमेकडच्या काही जिल्ह्यांत चार, त्याशिवाय गोळी घालायची नाही. कोवळे नर दुसरं वर्ष पूर्ण होण्याआधीच मारले जात होते, ते थांबावं हा हेतू. लहान वयाच्या शिकाऱ्यांना मात्र या नियमातून सूट आहे. पहिल्याच मोसमात पोरगं रिकाम्या हातानं परतलं तर पुढच्या वर्षी येणार नाही, हा त्यामागचा विचार. तिथं शिकारी कमी होत चाललेत याची वन्यजीव खात्याला काळजी वाटते, कारण परवान्यांची फी आणि १९३७च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा कर यांच्यावर तिथल्या वन्यजीवांचं बरंचसं काम चालतं. आपला देश वेगळा आहे आणि इथं शिकार परत यावी असं मी म्हणणार नाही. पण पोरगं जंगलात यायचं थांबलं तर जंगलाचं नुकसान होतं, ही त्यांची काळजी मला समजते. आपल्याकडेही पूर्वी हे कुणाकुणाला कळत होतं. सलीम अलींचं पक्ष्यांचं वेड छऱ्याच्या बंदुकीनं मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झालं. ही वेगळी चिमणी बघून मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी पोराला रागावून हाकललं नाही, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड नावाच्या साहेबांकडे पाठवलं. सोसायटीचे जुने सदस्यही बरेचसे शिकारीच होते.

सातपुड्यातल्या पोराला तसं कुठं पाठवणारं कुणी नव्हतं. गलोल काढून घेतली, फासा जप्त केला आणि बदल्यात काही दिलं नाही, ही माझी तक्रार. माझ्या नोकरीत मी पाहिलेलं सांगतो. एका घरात सांबराचं शिंग सापडलं. पोरगा शाळेतला. शिंग गळालेलं आहे की मारलेल्या जनावराचं, हे ठरवायचं होतं. बरोबरच्या साहेबांना ते ठरवता येईना. मी शिंग उलटं धरलं. गळालेल्या शिंगाचं बूड कडीखाली गोलसर फुगलेलं असतं, जणू बाटलीचं बूच. मारलेल्या जनावराचं असेल तर बुडाला कवटीचं हाड चिकटलेलं राहतं, नाहीतर करवतीची सपाट खूण. या शिंगाचं बूड गोल होतं, टोकांवर साळिंदराच्या दातांचे उभे चरे होते, म्हणजे ते रानात बरेच दिवस पडून होतं. मी विचारलं, कशाला आणलंस? तो म्हणाला, आजीच्या छातीत दुखतं म्हणून. सांबरशिंग सहाणेवर उगाळून लेप लावायची रीत महाराष्ट्रात घरोघरी होती, आणि वैद्य लोक शृंगभस्म करतात तेही याचंच. शिंग जमा केलं, पंचनामा झाला, पोराला समज देऊन सोडलं. पण तो मला एक गोष्ट म्हणाला, ती लिहायला कागदावर रकानाच नव्हता. त्याला शिंग कुठल्या नाल्यात सापडलं ते तर माहीत होतंच, त्याच नाल्यात आधीच्या उन्हाळ्यात दुसरं सापडलं होतं हेही माहीत होतं. खात्याच्या नोंदीत त्या भागात सांबर नव्हतं.

आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून जनावरं मोजतात. शहरातून उत्साही मंडळी येतात, पाण्याच्या बाटल्या आणि दुर्बिणी घेऊन. त्यांचं प्रेम खरं आहे. पण त्यांच्या शेजारी गावातलं पोरगं मजूर म्हणून बसवलेलं असतं, मचाण बांधायला आणि वाट दाखवायला. हाक्यातली त्याची जागा आजही तशीच कडेला आहे. मोजणीच्या कागदावर त्याचं नाव हवं, आणि नुसतं त्या रात्रीचं नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, तोरणमाळ या पट्ट्यातल्या प्रत्येक आश्रमशाळेत आठवी-नववीच्या पोरापोरींना घासलेली झाडं, गळालेली शिंगं, लेंड्या, ठसे यांची वर्षभराची नोंद ठेवायला द्यावी, आणि तिचं मानधन द्यावं. शिंग सापडलं तर उचलून आणण्याऐवजी बुडाचा फोटो काढायचा, नाल्याचं नाव लिहायचं, तारीख टाकायची. मी निवृत्त झाल्यावर दोन शाळांत हे सुरू करायला गेलो. शिक्षकांना पटलं, पोरांना तर आधीच येत होतं. अडलं ते परवानगीच्या कागदावर. नाल्यातून चालायला रीतसर पत्र हवं, आणि ते अजून आलेलं नाही. मधल्या काळात पोरं नाल्यातून चालतातच, गुरं राखायला.